दिवसाचा रोजमेळ



आमचे चुलते किराणा दुकानदार. रोजमेळाची शिल्लक जुळल्यावाचून त्यांनी दुकान कधी वाढविले नाही. आणि एकदा कुलूप लागले, की घरी दुकानाचा शब्द नसे. आम्ही मास्तर मात्र तपासावयाच्या वह्या घरी आणीत असू. पानावर बसावे, तो चित्त वह्यांत. मुले हाका मारून थकत. कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या या शिणाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली. रोग म्हणून नव्हे, व्यवसायजन्य अवस्था म्हणून.

आम्हांस शहाणपण सेवेच्या अखेरीस सुचले. शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसून उरलेले काम व उद्याचा आरंभ टिपावयाचा, वह्या कपाटात ठेवून किल्ली फिरवावयाची. घरून कचेरीचे काम करणाऱ्या आमच्या सूनबाईंनी ही रीत उचलली आहे. चिरंजीव मात्र भ्रमणध्वनी घेऊन पानावर बसतात. त्यांना कोणत्या तोंडाने बोलावे?