खडूची चौकट



वैनगंगेकाठच्या या भूमीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. गडचिरोली कोणाच्याही जाण्यायेण्याच्या वाटेवर पडत नाही, इथे मुद्दाम यावे लागते. कोणी वडशाला रेल्वेतून उतरून आरमोरीमार्गे आलात, कोणी चंद्रपूरहून मूल-सावली करत आलात, कोणी पहाटे नागपूर सोडून नागभीड-ब्रह्मपुरीच्या रस्त्याने. या वाटांवर दुतर्फा आपल्याला धानाच्या बांध्या दिसल्या असतील. आज दुपारी आपल्या ताटात एचएमटी तांदळाचा भात असेल. हे वाण शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडले. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना मोजक्या लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वेगळ्या पेरल्या आणि पुढे ते धान देशभर गेले. या परिषदेचा विषय मला विचाराल तर एवढाच आहे : वेगळे दिसलेले ओळखायचे, बाजूला काढायचे आणि जपायचे.

आपला विषय आहे आधुनिक कलाप्रदर्शनांचे कॅटलॉग आणि विद्यापीठाचे ग्रंथालय. सभागृहात निम्मे ग्रंथपाल आहेत आणि निम्मे चित्रकार. म्हणून एक शब्द आधीच स्पष्ट करतो. ग्रंथपालाच्या तोंडी कॅटलॉग म्हणजे तालिका, ग्रंथालयात काय काय आहे त्याची नोंद. चित्रकाराच्या तोंडी कॅटलॉग म्हणजे प्रदर्शनाच्या दारात हाती पडणारी पुस्तिका. कधी ती एका घडीचे कार्ड असते, कधी आठ पानांची, कधी जाडजूड ग्रंथ. चित्रकाराचा कॅटलॉग ग्रंथपालाच्या तालिकेत यावा, यासाठी आपण इथे जमलो आहोत.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना जंगलातल्या गावांमधली मुले बसवली. तरुणपणी एकदा मुंबईला गेलो होतो. जहांगीर कलादालनात शिरलो आणि परत येताना एक कॅटलॉग पिशवीत घालून आणला. तो वर्गात दाखवला. त्यात पोस्टकार्डाएवढे एक चित्र छापलेले होते. पाचवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, हा चित्र केवढा आहे जी?” मी चित्राखालची ओळ वाचली : कॅनव्हासवर तैलरंग, साठ बाय चाळीस इंच. मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मग आम्ही सगळे व्हरांड्यात गेलो. फूटपट्टीने मोजून फरशीवर खडूने पाच फूट उंच आणि तीन फूट चार इंच रुंद अशी चौकट आखली. तो मुलगा त्या चौकटीत आडवा झाला. चित्र त्याच्यापेक्षा मोठे होते. वर्ग गप्प झाला. कोणीतरी एका माणसाने एवढ्या मोठ्या जागेवर नुसता रंग लावत दिवस काढले, ही गोष्ट त्या मुलांना त्या क्षणी समजली.

चित्र मुंबईत होते, कोणाच्या तरी घरी गेलेही असेल. आमच्यापर्यंत पोचली ती एक ओळ. माध्यम, लांबी, रुंदी. कॅटलॉगमधली ही ओळ कोरडी वाटते, पण तिच्यातून चित्राची चौकट पुन्हा आखता येते. ग्रंथालयाने कॅटलॉग का ठेवावा याचे माझ्यापाशी याहून मोठे कारण नाही.

मित्रहो, प्रदर्शन आठवडाभराचे असते. मंगळवारी लागते, सोमवारी उतरते. भिंती दुसऱ्यासाठी मोकळ्या होतात, चित्रे विखुरतात. त्यानंतर ते प्रदर्शन कुठे असते? कॅटलॉगमध्ये असते. दिल्लीत ऑक्टोबर १९६३ मध्ये रवींद्र भवनात ‘ग्रुप १८९०’ या गटाचे प्रदर्शन झाले. बारा कलावंत होते. गटाचे नाव भावनगरच्या ज्या घरात बैठक झाली त्या घराच्या क्रमांकावरून पडले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. कॅटलॉगची प्रस्तावना ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली. ते तेव्हा मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते आणि पुढे नोबेल पुरस्काराचे मानकरी झाले. या गटाचे हे पहिले प्रदर्शन आणि हेच शेवटचे. गट पांगला. आज भारतीय कलेच्या इतिहासात त्याला स्वतंत्र स्थान आहे, कारण बारा जण त्या वेळी काय मानत होते याचा छापील कागद शिल्लक आहे. १९८१ सालच्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाचेही तसेच. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांची चित्रे एकत्र लागली. त्या कॅटलॉगमधला गीता कपूर यांचा निबंध आजही कलेचे विद्यार्थी अभ्यासतात.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. १९४९ मध्ये त्याचे प्रदर्शन झाले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे असे सहा जण. त्यांतले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे. त्यांचे वडील वनखात्यात होते, बालपण जंगलातल्या गावांत गेले आणि चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झाले. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. म्हणजे ज्या मुलखाला आपण गोंडवन म्हणतो, त्याच्या मातीशी आणि रानाशी आधुनिक भारतीय चित्रकलेचे नाते जन्माचे आहे.

गायतोंडे यांचे उदाहरण ग्रंथपालांनी मनात ठेवण्यासारखे आहे. ते मोजकीच चित्रे करीत, बोलत त्याहून कमी. त्यांच्या कित्येक चित्रांना शीर्षक नाही. ज्या चित्राला नाव नाही आणि ज्यात ओळखीचा आकारही नाही, त्याची ओळख कशी पटवायची? साल, माप, माध्यम आणि ते कोणत्या प्रदर्शनात लागले होते यावरून. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याचा कॅटलॉग ग्रंथरूपात निघाला. अशा प्रदर्शनाची पूर्वतयारी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पातळ पुस्तिकांपासून सुरू होते. आज भारतीय चित्रांना मोठ्या किमती मिळतात आणि किमतीमागोमाग नकलाही येतात. खरे-खोटे ठरवताना तज्ज्ञ आधी विचारतात, हे चित्र पूर्वी कुठे छापले गेले आहे का? त्या वेळी एखाद्या ग्रंथालयातला दोन पिनांनी बांधलेला कागद साक्षीला उभा राहतो.

आता माझ्या मनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. कॅटलॉग कलावंताला नाव देतो. आदिवासींच्या वस्तू संग्रहालयांनी फार पूर्वीपासून मांडल्या. पण काचेच्या कपाटातल्या चिठ्ठीवर बहुधा जमातीचे नाव असे, घडवणाऱ्याचे नसे. गोंड, माडिया, वारली, बस्स. मग काळ बदलला. पालघर भागातल्या जिव्या सोमा मशे यांना भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणि रंग दिले आणि वारली चित्राखाली माणसाचे नाव आले. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा मशे यांचे काम शेजारी शेजारी लागले. पाटणगढच्या परधान गोंड घरातल्या जनगढसिंह श्याम यांना चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले. भारत भवन १९८२ साली सुरू झाले. तिथल्या संग्रहावर स्वामिनाथन यांनी १९८७ मध्ये ‘द पर्सीव्हिंग फिंगर्स’ हे पुस्तक काढले आणि १९८९ मध्ये जनगढ पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात पोचले. घराच्या भिंतीवरचे लिंपण दर वर्षी नवे होते, जुने खाली जाते. कागदावर आलेले नाव पुसले जात नाही.

आमच्या जिल्ह्याकडे पाहा. १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गावांच्या शिवारात मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड आहेत. लाकूड कोरणारे हात आहेत, बांबू चिरणारे बुरड आहेत. आणि आमची झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळी सरली की वडशात नाटक मंडळांची कार्यालये गजबजतात, होळीपर्यंत गावोगाव रात्ररात्र नाटके चालतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की त्या गावात नाटक आलेच. २०२३ साली आमच्या रंगकर्मी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीचा ऊर भरून आला. पण त्या नाटकांची पत्रके कुठे आहेत? नाटकाचे नाव, लेखक, नट, नटी, गाव, तारीख, तिकिटाचा दर, सगळे त्या गुलाबी-पिवळ्या कागदावर छापलेले असते. सकाळी त्याच कागदात भजी बांधली जातात. जहांगीरमधला कॅटलॉग आणि वडशाचे पत्रक ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही एका प्रसंगापुरती छापली जातात आणि दोन्हींत नावे असतात. हे कागद गेले की त्यांच्यावरची माणसेही जातात.

२७ सप्टेंबर २०११ रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तरुण विद्यापीठाला एक लाभ असतो, काय जमवायचे हे त्याला पहिल्यापासून ठरवता येते. या विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रदर्शनांच्या कॅटलॉगांचे स्वतंत्र दालन असावे आणि त्याच दालनात झाडीपट्टीची पत्रके असावीत, अशी माझी जाहीर मागणी आहे.

काम अवघड आहे, हे मी जाणतो. कॅटलॉगला बहुधा आयएसबीएन क्रमांक नसतो, किंमत नसते, पुस्तकविक्रेत्याच्या यादीत तो सापडत नाही. तो कलादालनाकडे आणि चित्रकाराकडे मागावा लागतो. आला तरी दाखलनोंद कशी करायची आणि कपाटात उभा कसा ठेवायचा, हे प्रश्न असतात. कणा नसलेली ही पुस्तिका दोन जाड ग्रंथांच्या मध्ये दिसेनाशी होते. म्हणून ती आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून पेटीत आडवी ठेवावी. आमच्या चार महिन्यांच्या पावसात पिना गंजतात आणि गंज कागद खातो. पिना काढून सुती दोऱ्याने टाके घालावेत. वाळवीचे सांगायला नको. माझ्याकडचे कित्येक कॅटलॉग एकाच पावसाळ्यात तिने संपवले आणि व्हरांड्यात वाचला होता तोही त्यातच गेला. ते दुःख मला अजून आहे.

नोंद करताना केवळ चित्रकाराचे नाव पुरणार नाही. कलादालन, गाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, निबंध कोणाचा, छायाचित्रे कोणाची, हे सारे नोंदीत यावे. निमंत्रणपत्रिका आणि वृत्तपत्रातले परीक्षण त्याच पाकिटात ठेवावे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे. आपले कला संचालनालय राज्य कला प्रदर्शन भरवते. त्यांचे कॅटलॉग सलग मिळाले तर मराठी चित्रकारांच्या पिढ्या एका रांगेत दिसतील. प्रतिमा संगणकावर चढवण्याची घाई मात्र करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, छायाचित्राचा हक्क निराळा. लेखी परवानगी घ्यावी. तोपर्यंत नुसती सूची खुली केली तरी ते मोठे काम होईल. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने बडोद्याच्या कलावंतांचे कागद जगापुढे ठेवले आहेत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्यांतला एक. साठ बाय चाळीसच्या त्या ओळीला तिचा वाचक एका जंगलातल्या शाळेत मिळाला होता.

पाहुण्यांनो, आमच्या आतिथ्यात काही उणे राहिले तर ते पोटात घ्या. सवड काढून मार्कंड्याला जा, वैनगंगेकाठची ती मंदिरे डोळे भरून पाहा. आणि परत गेल्यावर एक काम करा. आपल्या कपाटात, माळ्यावर, जुन्या पेटीत प्रदर्शनांचे कॅटलॉग पडून असतील. त्यातला एक, फक्त एक, गडचिरोलीसाठी बाजूला काढा आणि पाठवा. माझ्या जिल्हावासीयांनाही हीच विनंती आहे. या हंगामात नाटक पाहून घरी जाताना पत्रक फेकू नका, घडी करून खिशात ठेवा आणि विद्यापीठात आणून द्या.