पेटीतला कर्णा
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले छोटेसे भाषण)



टेबलावरचा हा चावीचा ग्रामोफोन माझ्या वडिलांचा. मघाशी एका छोट्याने विचारलंच, "काका, याचा भोंगा कुठाय?" भोंगा, म्हणजे कर्णा, पेटीच्या पोटात आहे. १९०६ साली अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने 'व्हिक्ट्रोला' आणला, तेव्हा वर मिरवणारा कर्णा वाकवून खाली लाकडी पेटीत घेतला. तबकडीच्या खाचेतून पिन थरथरते, साउंडबॉक्समधली चकती ती थरथर पकडते. आवाज पोकळ दांडीतून कर्ण्याच्या अरुंद घशात उतरतो आणि रुंदावत पुढच्या दोन दारांशी येतो. कमी हवा असेल तर दारं लोटायची! वीज कुठेच नाही.

मिरजोळ्यात राहायला आल्यावर एका पावसाळ्यानंतर आवाज कोंडला. पिन बदलली, साउंडबॉक्स तपासला, फरक शून्य. वैतागून मी पेटी भंगारात काढायला निघालो. वडील काही बोलले नाहीत, फक्त त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी शेजारच्या वहिनी बॅटरी घेऊन आल्या, दारं उघडून आत पाहिलं, तर कुंभारीण माशीने कर्ण्यात मातीचं घर बांधलेलं! माती काढली, चावी दिली आणि बालगंधर्व गायला लागले.

वडील आज नाहीत. पेटी आहे, ती शेजारामुळे.

आता दारं पूर्ण उघडतो. तबकडी तीनेक मिनिटांचीच आहे. तेवढा वेळ मोबाइल बंद ठेवा.