सायकलवरचा आवाज



आमच्या मिरजेची ओळख आवाजाशी जोडलेली. सतार, तंबोरा घडवणारे कारागीर इथले आणि पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले दवाखानेही इथलेच. पण आज मी सांगणार आहे तो आवाज मैफलीतला नाही. तो आहे सकाळी गल्लीत ऐकू येणारा. ‘खाऽऽरी, बटर, टोऽऽस्ट!’

हा आवाज माझ्या धाकट्या भावाचा. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. त्याने शाळा सोडली आणि सायकलच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधली. तीस वर्षे त्याचे घर या हाकेवर चालले. तीन वर्षांपूर्वी त्याचा घसा बसला आणि बसूनच राहिला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. ओरडणे बंद करा, नाहीतर उरलासुरला आवाजही जाईल.

घरी येऊन त्याने पाटीवर लिहिले, ‘भाईजान, मुका खारीवाला कुणाला कळणार?’

मी कागदावर जगणारा माणूस. तरी म्हटले, एक यंत्र बनवू. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना गाठले. त्यांच्याकडे एक मोटारीतला स्पीकर पडून होता, एक जुन्या धाटणीचा ॲम्प्लिफायर होता. मी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणली. शिसे-आम्लाची, दोन किलोंहून जड. सगळे पेटीला बांधले आणि हाक मीच माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दिली.

पहिल्या दिवशी स्वारी साडेसहाला निघाली. साडेआठला यंत्र घोगरे झाले आणि गप्प बसले. म्हणजे यंत्राचाही घसा बसला!

मिस्त्रींनी मला हिशेब शिकवला, तो तुम्हालाही सांगतो. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. पण शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज रोज उपसली तर ती लवकर मरते. म्हणजे हाती आले ४२. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी नुसती उष्णतेत घालवतो. उरलेली त्या स्पीकरच्या पोटात जाते आणि त्यातला फारच थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडतो.

‘कवीसाहेब,’ मिस्त्री म्हणाले, ‘बॅटरी वाढवू नका, स्पीकर बदला.’

एक वॉट विजेवर, एक मीटर अंतरावर, मोटारीतला साधा स्पीकर साधारण ८८ डेसिबल आवाज देतो. छोटा भोंगा १०० देतो. फरक बाराचा दिसतो, पण दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते. म्हणजे भोंगा एका वॉटमध्ये जे करतो, त्यासाठी त्या स्पीकरला सोळा वॉट लागतात. भोंग्यातून गाण्यातला खर्ज येत नाही, हे खरे. पण माणसाच्या हाकेला खर्जाची फारशी गरज नसते. टेलिफोनवरही खर्ज येत नाही, तरी आपण माणूस ओळखतोच.

मग नव्या धाटणीचा, ‘डी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर घेतला. तो वीज फारशी वाया घालवत नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. ३.२ व्होल्टचे चार सेल, मिळून १२.८ व्होल्ट. सोबत सेल सांभाळणारी सर्किटपट्टी आणि त्याच जातीच्या बॅटरीचा चार्जर. शिशाच्या बॅटरीचा चार्जर इथे जोडू नये. वजन पाऊण किलोच्या आत आले आणि सायकल एका बाजूला कलायची थांबली.

एक चूक मात्र आम्हाला महागात पडली असती. हँडल वळताना तार चौकटीवर घासत होती. एक दिवस तिचे आवरण फाटले आणि धूर निघाला. तेव्हापासून बॅटरीच्या अधिक टोकालगतच फ्यूज बसवला आहे आणि हँडलपाशी तारेला सैल वळसा दिला आहे. सायकलवर काही बसवणार असाल तर फ्यूज आधी आणा, बाकीचे नंतर.

यंत्र झाले, पण गिऱ्हाईक येईना! एका आजींनी खिडकीतून विचारले, ‘हा कोण परका माणूस ओरडतोय?’ तीस वर्षे त्यांनी जी हाक ऐकली, ती माझी नव्हती. शब्द तेच होते, पण माणूस वेगळा होता. कवी म्हणून मला हे आधी कळायला हवे होते.

दोन महिन्यांच्या मौनानंतर डॉक्टरांनी त्याला हळू बोलण्याची मुभा दिली. आम्ही खोलीची दारे लावली, गाद्या उभ्या केल्या आणि ध्वनिमुद्रक तोंडाजवळ धरला. ओरडायचे नव्हते, फक्त म्हणायचे होते. तो एकदाच म्हणाला. आवाज थोडा फाटका होता, पण त्याचाच होता.

हे यंत्र दिवसभर वाजत ठेवणे सोपे होते. त्यानेच नको म्हटले. ‘भाईजान, गल्लीत लहान मुले झोपलेली असतात. अर्ध्या मिरजेत तर रुग्ण आहेत.’ कायदाही हेच सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. ती त्याने काढली, मगच भोंगा रस्त्यावर आणला आणि त्याचा आवाज अगदी बेताचा ठेवला.

आता हँडलवर घंटीशेजारी एक बटण आहे. दाबून धरले तरच हाक ऐकू येते. गल्लीच्या तोंडाशी एकदा, बस्स. दवाखान्याच्या रस्त्यावर तो बटणाला हातही लावत नाही, तिथे जुनी घंटीच वाजवतो. आजी भांडे घेऊन दारात येतात. आणि एवढ्या थोड्या वापरामुळे बॅटरी आठवड्यातून एकदाच चार्ज करावी लागते.

परवा सकाळी मी खिडकीशी बसलो होतो. कोपऱ्यावरून हाक आली. बायको म्हणाली, ‘भावजी आले, टोस्ट घ्या.’

यंत्राचे नाव तिने काढले नाही.