घोड-भीमेकाठची स्मारके आणि इतिहासाचा पाठ

(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



घोड आणि भीमा या नद्यांमधील प्रदेशातल्या मुलांना इतिहास केवळ पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. तो त्यांच्या गावाशेजारी उभा आहे.

पाबळ येथे मस्तानीची समाधी आहे. हे गाव तिला पहिल्या बाजीरावांनी इनाम दिले होते. १७४० साली बाजीराव निवर्तले व त्याच वर्षी तिचाही अंत झाला. तिचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले. त्यांपैकी दुसरे अली बहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढले.

१८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. तिची छावणी घोड नदीकाठी शिरूर येथे पडली. तेथील कर्नल वॉलेस १८०९ साली मरण पावला. या परक्या सेनाधिकाऱ्यास लोक 'सत्पुरुष' मानू लागले. सुगीचे पहिले धान्य त्याच्या थडग्यास नैवेद्य म्हणून अर्पण करण्याची चाल १८८५ च्या गॅझेटियरात नोंदलेली आहे.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगाव येथे तिची पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली. कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला तो आपल्या विजयाच्या गौरवार्थ. परंतु त्यावरील नावांत अनेक महार सैनिकांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. ज्यांना समाजाने माणुसकीचे हक्क नाकारले होते, त्यांच्या पराक्रमाची साक्ष म्हणून असंख्य लोक आज त्या स्तंभास अभिवादन करतात.

यावरून शिक्षकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्मारक उभारणाऱ्याचा हेतू एक असतो. मागाहून येणाऱ्या पिढ्या त्यास निराळा अर्थ देतात. मुलांना दोन्ही सांगितले पाहिजेत. एकच सांगितला, तर इतिहास अर्धा राहतो आणि अर्ध्या इतिहासातून गावागावांत वितुष्ट वाढते.

म्हणून सहलीस जाताना प्रत्येक मुलाजवळ वही असावी. हे कोणी बांधले, केव्हा व कशासाठी बांधले, आणि आज येथे कोण व का येते, हे प्रश्न त्याने स्वतः विचारावेत. उत्तरे शिक्षकाने घाईने पुरवू नयेत. दगडावर नावे लिहू नयेत, ही शिस्तही तेथेच लावावी. चौकस आणि न्यायबुद्धीचा नागरिक घडविण्याचे कार्य अशा एका दिवसात पुरे होत नाही. परंतु त्याचा आरंभ तेथे खचित होऊ शकतो.