पालकाची सही आणि मुलीची मुक्ती

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त 10 मार्च रोजी बेंगळुरूमधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्तुळात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मला एका सहीबद्दल बोलायचं आहे. सतरा वर्षांची मुलगी गरोदर आहे. घरच्यांनी तिला बाहेर काढलंय, किंवा घरी सांगितलं तर काढतील अशी स्थिती आहे. गर्भ ठेवायचा की नाही हे तिच्या मनात ठरलेलं आहे. पण दवाखान्यातल्या फॉर्मवर तिची सही चालत नाही. मग चालते कुणाची?

काही देशांच्या कायद्यात यावर एक वाट आहे, तिला 'इमॅन्सिपेशन' म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात चौदा वर्षं पूर्ण झालेली मुलगी आईवडिलांपासून वेगळी राहत असेल, स्वतःचा खर्च भागवत असेल, तर ती कोर्टात अर्ज करू शकते. अर्ज मान्य झाला की उपचार, भाडेकरार अशा बाबतीत ती सज्ञान धरली जाते. शब्द मुळात रोमन कायद्यातला. तिथे बापाची मुलांवरची सत्ता मालकाच्या गुलामावरच्या सत्तेच्या जवळ जाणारी होती, आणि त्या सत्तेतून मुलाला सोडवण्याच्या विधीला हे नाव होतं. आपल्या चळवळीत 'मुक्ती' हा शब्द किती वजनाचा आहे हे तुम्हाला सांगायला नको.

भारतात अशी तरतूद नाही. 1875 च्या सज्ञानता कायद्यापासून अठराव्या वर्षाची रेघ आहे. रेघेच्या अलीकडे मुलगी कुणाच्या तरी ताब्यात असते. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचं कलम 3 सांगतं की अठरा वर्षांखालील मुलीचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही.

आता दुसरे दोन कायदे बघा. 1890 चा पालक व पाल्य कायदा म्हणतो, अल्पवयीन व्यक्ती दुसऱ्या अल्पवयीनाची पालक होऊ शकत नाही. अपवादांत स्वतःची बायको आणि स्वतःचं मूल येतात. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यात लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई आहे. म्हणजे सतराव्या वर्षी ही मुलगी बाळंत झाली, तर बाळाची पालक ती. पण बाळंत व्हायचं की नाही, या कागदावर मात्र तिची सही नाही. आई व्हायला ती पुरेशी मोठी आहे, 'नको' म्हणायला लहान आहे.

लग्न झालेल्या मुलींचं काय? 1956 चाच कायदा विवाहित अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव घेतो. कर्नाटकाने 2016 च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवले. महाराष्ट्रात तसं नाही, तिथे लग्न रद्द करून घ्यावं लागतं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कागल आणि निपाणी शेजारी शेजारी आहेत. निपाणीत जे लग्न कायद्याच्या लेखी झालंच नाही, ते कागलमध्ये कोर्टाने रद्द करेपर्यंत टिकतं. आणि ते रद्द करायला जायचं तर अल्पवयीन मुलीला पुन्हा पालक किंवा वादमित्र लागतोच. हा प्रश्न मूठभर मुलींचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 15 ते 19 वयोगटातल्या मुलींपैकी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 7.6 टक्के आणि कर्नाटकात 5.4 टक्के होतं.

या सगळ्यात एक फट आहे, ती नीट लक्षात ठेवा. गर्भपाताच्या कायद्यात 'पालक' म्हणजे आईबापच, असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम 2 मधली व्याख्या सांगते, अल्पवयीन मुलीची देखभाल जिच्याकडे आहे ती व्यक्ती. सांभाळणारी आजी असेल, मोठी बहीण असेल.

इथे बेंगळुरूतच सोलापूरकडच्या एका मुलीसोबत मी दवाखान्यात गेले होते. दोन वर्षं ती मावशीकडे राहत होती. मावशी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर, त्या दिवशी खाडा करून आलेली. काउंटरवर एकच वाक्य, "वडिलांना घेऊन या." वडिलांना कळलं असतं तर मुलीचं काय झालं असतं, हे मावशी कानडीत, हिंदीत, मराठीत सांगत राहिली. तीन दिवस यात गेले. चौथ्या दिवशी त्या व्याख्येची छापील प्रत डॉक्टरांसमोर ठेवली, तेव्हा मावशीची सही घेतली गेली. अशा मुलीच्या बाबतीत तीन दिवस म्हणजे काय, ते आकड्यांत बघा. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे, पण दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे बहुतेकींना हायकोर्ट गाठावं लागतं. शिलाईवर जाणाऱ्या मावशीने हायकोर्ट कसं गाठायचं?

तुम्ही विचाराल, जातिअंताच्या व्यासपीठावर हा विषय का? 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. ते टिकवायचं तर बाईवर पहारा हवा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांची मांडणी त्यांनी त्याच सूत्राने केली. तो पहारा कोण देतो? पोलीस नंतर येतात. आधी घर देतं. म्हणून मुलीचं पोट दिसू लागलं की घरातला पहिला प्रश्न "तू बरी आहेस का?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "कुणाचा आहे?" आणि त्या 'कुणाचा' मध्ये जात विचारलेली असते.

बेंगळुरूच्याच 'एनफोल्ड' संस्थेने 2022 मध्ये आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या पोक्सो खटल्यांचे 7,064 निकाल तपासले. त्यांतले 1,715, म्हणजे जवळपास चारातला एक, प्रेमसंबंधांतून उभे राहिलेले होते, आणि अशा खटल्यांत बहुतेक वेळा तक्रार मुलीच्या आईवडिलांनी किंवा नातेवाइकांनी केली होती. प्रत्येक तक्रारीमागे जातच होती असं मी म्हणत नाही. आणि पोक्सो नको असंही म्हणत नाही. घरातल्याच पुरुषाने अत्याचार केलेल्या मुलीला त्या कायद्याचाच आधार आहे. पण तिच्याबाबतीतही विचारा, अत्याचार करणारा बापच असेल तर पालकाची सही कुणाकडे मागायची?

पोक्सोच्या कलम 19 मुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीने मुली दवाखान्याऐवजी मिळेल ती गोळी घेतात. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने थोडा दिलासा दिला: मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर ते महत्त्वाचं धरलं पाहिजे. पाऊल चांगलं आहे. पण मत विचारणं वेगळं, सही चालणं वेगळं.

मग आपणही इमॅन्सिपेशन मागायचं का? इथे थांबून विचार करू. त्या कायद्यात मुलगी मोकळी होते, तसे आईबापही मोकळे होतात. तिला पोसण्याची त्यांची जबाबदारी संपते. शिवाय अट असते, ती स्वतःच्या पायावर उभी हवी. बीडहून उसाच्या फडात जाणाऱ्या कोयत्यावरची मुलगी हे कोर्टाला काय दाखवणार? तिचे आईबाप तिला टाकून गेलेले नसतात, वर्षातले सहा महिने ते घरीच नसतात. मुलीची जोखीम नको म्हणून आणि जोडीला उचल मिळते म्हणून तिचं लग्न लवकर उरकतात. अशा मुलीला "जा, तू सज्ञान" असं सांगणं म्हणजे कायद्याच्या शिक्क्याने तिला वाऱ्यावर सोडणं.

वाऱ्यावर सोडलेल्या मुलीचं काय होतं, हे पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टासमोर आलं. चौदा वर्षांची मुलगी घर सोडून गेली, तिला मूल झालं, आईबापांनी तिला परत घेतलं नाही. बाल न्याय कायद्याने तिला निवारा आणि देखभाल मिळायला हवी होती, ती राज्याने दिली नाही. शेवटी ज्याच्यावर खटला होता त्याच माणसाच्या घरी ती राहिली, आणि त्याला सोडवण्यासाठी कर्जबाजारी झाली. मे 2025 मध्ये कोर्टाने त्या माणसाला शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला, आणि मुलीच्या शिक्षणाची, निवाऱ्याची जबाबदारी राज्यावर टाकली. जी मदत पहिल्या महिन्यात मिळायला हवी होती, तिचा आदेश यायला काही वर्षं गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. निर्णयाचा हक्क आणि आधाराचा हक्क एकमेकांपासून तोडू नका. सही तिची असावी आणि सही केल्यामुळे तिचं जेवण, छप्पर, शाळा सुटू नये.

हे स्वप्नरंजन नाही. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. घरच्यांच्या धाकाने जीव द्यायला किंवा मूल मारायला निघालेल्या विधवा तिथे येत. बाळंतपण गुपचूप आणि सुरक्षित होई. मूल सोबत न्यायचं की तिथे ठेवायचं, हे त्या बाईवर सोडलेलं होतं. ठेवलं तर सांभाळ गृह करणार. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत या दोघांनी दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. शूद्र जातीतल्या जोडप्याने ब्राह्मण विधवांसाठी दार उघडलं, आणि दारात बापाची सही मागितली नाही. निर्णय बाईचा, भार संस्थेचा. आपली मागणी याहून वेगळी नाही.

कायदा बदलायचा तर तो असा बदलावा: सोळा वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची संमती पुरेशी धरावी, त्याहून लहान मुलीसाठी तिच्या विश्वासातली प्रौढ व्यक्ती चालावी, आणि दोन्हींत तिचा पोटगीचा, निवाऱ्याचा, शिक्षणाचा हक्क अबाधित राहावा.

तोवर काय करायचं? इथे बसलेले आपण बहुतेक घरातले पहिले पदवीधर. वस्तीतला फोन आपल्यालाच येतो: दाखल्याचा, स्कॉलरशिपचा, रेशन कार्डाचा. हाही येईल, फक्त दबक्या आवाजात येईल. तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, 'पालक' या शब्दाची ती व्याख्या. छापून जवळ ठेवा. दुसरी, 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक बालकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तिसरी, घर बंद झालं असेल तर 1098 आणि बाल कल्याण समिती. मुलगी समितीकडे आली की तिच्या देखभालीची जबाबदारी समितीवर येते. ती टाळली जात असेल तर लेखी मागा आणि पोच घ्या.

आणि फोन आला की "कुणाचा आहे?" हे विचारू नका. "किती आठवडे झाले, आणि आज रात्री कुठे झोपणार आहेस?" हे विचारा.

जय भीम.