हजिऱ्याचा जोरावर, मेडकचा सारथ

सुरतेजवळच्या हजिऱ्यात, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात, डीआरडीओसोबत घडलेला 'जोरावर' हा हलका रणगाडा ६ जुलै २०२४ रोजी समोर आला. वजन सुमारे २५ टन, तोफ १०५ मिलिमीटरची. लडाखसारख्या उंचीवर चढणारा आणि पाणीही पार करणारा.

पायदळाला घेऊन पाण्यात उतरणारा जुना गडी म्हणजे मेडकला बनणारा 'सारथ', मूळ रशियन बीएमपी-२ हे चिलखती वाहन. चालक दल तिघांचे, शिवाय सात जवान. वर ३० मिलिमीटरची तोफ. पाण्यात शिरण्याआधी पुढची फळी उभी करतात. मग साखळीपट्टेच वल्ह्यासारखे पाणी मागे लोटतात. याच सांगाड्यावर रुग्णवाहिका, ८१ मिलिमीटर उखळी तोफेचे वाहन आणि अभियंत्यांचे टेहळणी वाहनही तयार झाले. ही वाहने चालवणाऱ्या यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या अहिल्यानगरात आहे.