झेंड्याची दोरी कुणाच्या हातात?

(विरार येथील युवक मेळाव्यातील भाषण)

आपल्या विरारजवळच्या अर्नाळा किल्ल्यावर आधी पोर्तुगिजांचा झेंडा होता. १७३७ साली मराठ्यांचा चढला, पुढं इंग्रजांचा. झेंडे बदलले, खाली वल्ही मारणारे हात कष्टकऱ्यांचेच राहिले. त्या राजांचे पोवाडे खूप झाले. मी आज खलाशांच्या झेंड्याबद्दल बोलणार आहे.

मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचं नौदलाचं ठाणं होतं. महायुद्ध संपलं होतं. युद्धात मरायला चालणाऱ्या पोरांच्या ताटात आता सडका भात आणि पाणचट डाळ. वर कमांडर किंग तोंडावर म्हणायचा, कुलींची अवलाद! ही शिवी आपल्याला नवी नाय. ती कातडीवरून द्या की जातीवरून, देणाऱ्याचा माज एकच.

१८ फेब्रुवारी १९४६ ला खलाशांनी ते जेवण नाकारलं, काम बंद केलं. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी संपात उतरले. इंग्रजांचा झेंडा उतरवला. त्या जागी काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल, असे तीन झेंडे एकत्र चढवले. हे झेंडे सरकारी कोठारातून आले नव्हते. हिंदू-मुसलमान पोरांनी आपल्या हातानं आपली एकी डोलकाठीवर बांधली होती.

आणि ज्यांचे झेंडे, त्यांनी काय केलं? कम्युनिस्टांनी २२ फेब्रुवारीला संपाची हाक दिली. गिरणगाव रस्त्यावर आलं. परळला कमल दोंदे गोळीनं गेल्या. मुंबईत मेलेल्यांचा सरकारी आकडाच २०० च्या वर. पण वल्लभभाई पटेल आणि जीना, दोघांचा निरोप एकच : शरण जा! २३ ला जहाजांवर काळे झेंडे चढले. पुढं देश स्वतंत्र झाला, पण काढून टाकलेल्या त्या खलाशांना ना भारताच्या नौदलानं परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

आता झेंड्याची गंमत बघा. १९५० साली नौदलाच्या झेंड्यातला युनियन जॅक गेला, तिरंगा आला. इंग्रजांचा तांबडा क्रूस मात्र तसाच! २००१ साली काढला, २००४ साली पुन्हा आणला, २०२२ साली परत काढून शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट बसवली. क्रूस गेला, चांगलं झालं. पण १९४६ चा सवाल क्रूसाचा नव्हताच. तो ताटाचा होता, शिवीचा होता. तो कापड बदलून सुटत नाय.

दोस्तांनो, त्या पोरांचं धाडस खरं होतं. पण त्यांनी दुसऱ्यांचे झेंडे चढवले आणि दोरी पुढाऱ्यांच्या हातात राहिली. आपल्या वस्तीतही निवडणूक आली की झेंडे वाटत फिरणारे येतात. काठी आपली, खांदा आपला, दोरी त्यांची. आपला निळा झेंडा आपल्या आयाबहिणींनी घरी शिवलेला आहे. तो कुणाच्या गाडीवर लावायचा, कुणापुढं झुकवायचा, हे ठरवायचा हक्क कुठल्याच पुढाऱ्याला देऊ नका. आपल्यातल्या पुढाऱ्यालासुद्धा नाय!

जयभीम!